बेल्जममधला संबळ

आक्काचा भाऊ बेल्जममध्ये संबळ वाजवतो, अशी आमच्या गावाची पंचवीसेक वर्षं ठाम समजूत होती.

ही समजूत खुद्द आक्कानेच पसरवलेली. भाऊ तरुणपणी जहाजावर खलाशी म्हणून गेला, तो कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत चढलाच नाही. दोन वर्षांनी त्याचा फोन आला. तेव्हा गावात फोन एकच, किराणा दुकानात, आणि त्यात माणसाच्या आवाजापेक्षा खरखर जास्त. भाऊ म्हणाला, "मी इथं एका आन्सांब्लमध्ये हाय." आक्काचं उभं आयुष्य बोर्ली पंचतनच्या बाजारात सुकट-बोंबील विकण्यात गेलेलं. तिने ऐकलं, "संबळात हाय." झालं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, आणि पुढच्या बाजाराला पंचक्रोशीला. "काय गं आक्का, गोऱ्यांच्यात गोंधळ घालतात का?" असं कुणी विचारलं, की ती म्हणे, "गोंधळ कुठं न्हाय?"

तो माणूस पन्नाशी उलटल्यावर परत आला तेव्हा त्याला पहिल्यांदा मी पाहिलं. मी दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीची तिकिटं फाडायचो आणि उरलेल्या वेळात गावच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचो. मनातून मात्र उलटं होतं. मे महिना, दुपार, आगरदांड्याहून बोट लागली. साखळ्या खडखडत फळी खाली आली, रिक्षा आणि मोटारसायकली सुटल्या, आणि मधोमध हा माणूस उभा. काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट. एका हातात पत्र्याची ट्रंक, आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली एक लाकडी पेटी, बाळंतिणीने पोर धरावं तशी. मागचे हॉर्न मारतायत, शिव्या घालतायत, आणि हा डोळे मिटून उभा. शेवटी माझ्या खिडकीशी आला.

"ही साखळी कधी बदलली?"

"मागच्या वर्षी."

"जुनी बरी वाजायची," तो म्हणाला आणि निघून गेला.

हे आमचे बेल्जमकाका. त्यांना मात्र हे नाव आवडत नसे. "बेल्जम न्हाय, फ्लांडर्स," ते म्हणायचे. "बेल्जम हा नुसता पत्ता." मग तिथल्या दोन भाषांच्या लोकांचं एकमेकांशी कसं पटत नाही ते ते समजावून सांगत. गावात वरच्या आणि खालच्या आळीचं पाण्यावरून पटत नव्हतंच, त्यामुळे फ्लांडर्स आम्हाला चटकन समजलं. नाव मात्र बेल्जमकाकाच राहिलं.

आल्या आल्या गावाने त्यांना एका घरी गोंधळात संबळ वाजवायला बोलावलं. ते म्हणाले, "मी वाजवत न्हाय." गावाला वाटलं, मोठा कलावंत आहे, भाव खातोय. मग दुसऱ्या घरचं बोलावणं आणखी मानाने गेलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. असं पाच-सहा ठिकाणी नाही म्हटल्यावर ते तालुक्यातले सर्वांत थोर संबळवादक ठरले.

काही सवयी मात्र थोरपणात बसत नव्हत्या. कुठलंही कार्य असो, हळद, बारसं, ग्रामसभा, काका तासभर आधी हजर होऊन प्लॅस्टिकच्या खुर्च्या सरकवत. दोन बोटं डावीकडे, एक बोट मागे. मग लांब जाऊन एक डोळा मिटून बघत. एकदा एका मयताला त्यांनी अंगणात बसलेल्या रडणाऱ्या बायकांनासुद्धा जरा गोलात बसायला सांगितलं. "आवाज मधी जमतो," ते म्हणाले. बायका रडता रडता सरकल्या. आक्का म्हणाली, "माझा भाऊ यायच्या आत माझी तिरडी बांधून ठेवा. न्हायतर हा बांबू मोजत बसंल."

दुसरी सवय धातूची. वस्तू हातात आली की ती दगडावर आपटून बघायची. बोर्लीच्या बाजारात भांडेवाला त्यांना बघून दुकानाची अर्धी फळी लावून घ्यायचा, कारण काका बारा झाकणं वाजवून एकही न घेता जायचे. आक्का वैतागून म्हणे, "आरं, झाकण झाकायला पायजे, वाजवायला न्हाय." ते म्हणत, "न वाजणारं झाकण झाकतं तरी काय?" आक्काची डाळ महिनाभर उघडीच शिजायची.

माझी बेंजो पार्टी त्यांनी एकदा उभी राहून ऐकली. संपल्यावर मला बाजूला घेतलं. "तुम्ही थांबत का न्हाय?"

"कुठे?"

"मधी. वाजवणं कुणालाही येतं. थांबणं शिकवावं लागतं."

मला राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे शिकायला गेलो. सोबत पप्याला नेलं. पप्या गॅरेजवाला, आमचा ताशा. शिवाय सनईवाले आबा आले, कारण त्यांना दुपारी घरात झोपू देत नसत. जाळी ठेवायच्या खोपीत आमचा सराव सुरू झाला. काका आधी अर्धा तास आमची खोकी, पाट, डबे मांडत. मग म्हणत, "आता एकच सूर. जोवर कंटाळा येत न्हाय तोवर. कंटाळा आला की त्याच्या पुढं." आबा सूर धरून झोपून जात, आणि काका म्हणत, "हे बघा, असं."

विश्रांतीत ते त्या आन्सांब्लची गोष्ट सांगत. आन्सांब्ल म्हणजे संबळ नव्हे, वाजवणाऱ्यांचा ताफा, हे आम्हाला तिथे कळलं. आम्ही ते गावात सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार? सहा पोरापोरींनी एका बंद पडलेल्या गिरणीत तो सुरू केला होता. तिथे पूर्वी जवसाच्या झाडापासून धागा काढत. मेलेल्यांची गाणी सगळेच वाजवतात, आपण जिवंत माणसांनी आज लिहिलेलं वाजवायचं, एवढीच त्यांची अट. पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं, त्यातली तीन पावसातून आडोशाला आलेली. "त्या तिघांतला एक मी," काका सांगत. जहाज सोडलेलं, अंगावर एक स्वेटर.

मग ताफा वाढला. सहाचे एकोणीस झाले. कुणी शाई ओली असताना कागद आणून द्यायचा. कुणी दोन फ्रिजसाठी संगीत लिहिलं. ते फ्रिज चार मजले चढवावे लागले. लोक मधेच उठून जात, दार आपटत. ताफ्यासाठी संगीत लिहिणारा एक म्हातारा ती दारंही ऐकायचा आणि पुढच्या वेळी लिहून काढायचा. हळूहळू सरकारी मदत मिळू लागली, दूरदूरच्या शहरांतून बोलावणी येऊ लागली, लोक उठून जायचे थांबले. "तेव्हाच मला भीती वाटली," काका म्हणत.

पण सगळ्यात ते रंगत त्या म्हाताऱ्याच्या एका रचनेबद्दल बोलताना. ती पियानोसाठी होती. पियानोच्या पोटात तारा असतात. त्या तारांच्या मधे बोल्ट, स्क्रू, रबराचे तुकडे अडकवायचे. मग पट्टी दाबली की पियानोतून कधी घंटा, कधी डबा, कधी लाकूड बोलतं. एकूण सत्तावीस तुकडे. ते त्या लाकडी पेटीत होते, मखमलीच्या खाचांत. काका पेटी उघडून दाखवत, हात लावू देत नसत.

"मग तुम्ही सोडलंत कशाला?" मी एकदा विचारलं.

"नवीन साहेब आला. त्यानं सगळे आवाज कॉम्प्युटरात भरले. म्हणाला, आता पेटीचं काम न्हाय." एवढं बोलून ते उठले आणि पप्याचा डबा दोन बोटं सरकवून आले.

दीड वर्षाच्या सरावानंतर काकांनी ठरवलं, आता लोकांपुढे जायचं. नारळी पौर्णिमेची मिरवणूक. दुपारी चारला नारळ घेऊन गाव किनाऱ्याकडे निघालं, पुढे आम्ही. गाणं जोरात, बायका नाचतायत. वळणावर काकांनी हात वर केला आणि ठरल्याप्रमाणे आम्ही एकदम थांबलो. चाळीस श्वास थांबायचं होतं.

पाचव्या श्वासाला नाच थांबला. दहाव्याला मागून कुजबुज आली, "कोण गेलं?" पंधराव्याला सरपंचांनी टोपी काढली. विसाव्याला खालच्या आळीच्या एका म्हातारीने नवऱ्याच्या नावाने टाहो फोडला; नवरा शेजारीच उभा होता. तो तिला म्हणाला, "अगं, मी हाय." ती म्हणाली, "आता हायस रे!" तिसाव्या श्वासाला खरंच ऐकू येऊ लागलं. लाटा, काकणं, कुणाच्या तरी पिशवीत गडगडणारा नारळ. चाळीस झाले आणि आम्ही वाजवू लागलो तेव्हा नाचायला कोणी उरलं नव्हतं.

काकांचं तोंड मात्र उजळलेलं. "एवढं कधी ऐकलं होतं का या गावानं?"

त्या मोसमात आमच्या पार्टीला एकाही हळदीची सुपारी आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या तिकीटखिडकीशी साठीची एक उंच गोरी बाई उभी राहिली. पाठीवर कागदाची लांबच लांब गुंडाळी. इंग्रजीत म्हणाली, "या माणसाला ओळखता?" आणि एक फोटो पुढे केला. फोटोत वाद्यं घेतलेली एकोणीस माणसं रांगेत हसत होती. कडेला, अर्धा चौकटीबाहेर, काळ्या कपड्यांतला एक तरुण काखेत घडीची खुर्ची घेऊन निघाला होता.

मी बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिलो. काळे कपडे का, ते त्या क्षणी कळलं. मंचावर सामान हलवणारी माणसं काळं घालतात, म्हणजे ती दिसत नाहीत.

खरं सांगतो, मला फसल्यासारखं वाटलं. दीड वर्षं मी ज्याच्या हाताखाली एक सूर धरून बसलो तो खुर्च्या उचलणारा होता. वाटेत रिक्षात मी बाईला एवढंच विचारलं, "काय वाजवायचे ते?" ती म्हणाली, "काहीच नाही. पण बोल्ट तोच लावायचा. मी पियानो वाजवते. ते बोल्ट दुसऱ्या कुणी लावले तर माझा पियानो नुसता बिघडल्यासारखा वाजतो."

आक्काच्या ओट्यावर दोघं समोरासमोर आली आणि नमस्कार-चमत्कार न होता भांडणच सुरू झालं, त्यांच्या भाषेत. पेटी काकांनी चोरून आणली होती. नवीन साहेबाशी बिनसलं त्याच आठवड्यात पेटी काखेत मारून ते निघाले होते. बाई मला इंग्रजीत सांगू लागली, मी आक्काला मराठीत. संगीत लिहिणारा तो म्हातारा वारला. आन्सांब्ल मोडून दुसऱ्या मोठ्या ताफ्यात मिसळतोय. शेवटचा कार्यक्रम त्याच जुन्या गिरणीत करायचाय, आणि त्यात ती पियानोची रचना हवी.

"मग कॉम्प्युटरातनं वाजवा की," काका मराठीतच म्हणाले. मी ते बाईला सांगितलं.

बाई जरा खाली बघून बोलली, "ती फाईल आता कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही."

काका हसायला लागले. ओट्याचा खांब धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग आत जाऊन पेटी घेऊन आले आणि उघडली. त्यांचं हसू तिथेच थांबलं. मखमलीच्या तीन खाचा रिकाम्या होत्या.

आक्का चुलीकडे बघायला लागली. पप्या, जो पाहुणी बघायला आला होता, तो चप्पल शोधायला लागला.

हळूहळू निघालं ते असं. आक्काने एक बोल्ट सुकटीच्या खोलीच्या कडीत घातला होता, कारण मांजर शिरत होतं. दोन पप्याने नेले होते, "काकानू, मापाचे होते हो." एक कुणाच्या रिक्षात, एक कुणाच्या होडीच्या इंजिनात. पप्याने घाईघाईने खिशातून तसाच नवा बोल्ट काढून दिला. काकांनी तो पायरीवर आपटला आणि समुद्राच्या दिशेने फेकून दिला.

कडीतला लगेच मिळाला. मांजराचं आयुष्य सुधारलं. रिक्षा बोर्लीच्या स्टँडवर सापडली. पप्याने सीटखालचे सात बोल्ट काढून रस्त्यावर ओळीने मांडले, काका ते एकेक वाजवत बसले, आणि रिक्षातली गिऱ्हाईकं सीटवरून उतरून ऐकत उभी राहिली. सहाव्यावर काकांनी मान डोलावली. होडी मात्र समुद्रात होती. आम्ही चौघं किनाऱ्यावर दुपारपर्यंत बसून राहिलो. होडी लागली तशी काका बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले. होडीवाला म्हणाला, "काका, म्हावरं तरी उतरवू द्या." काका म्हणाले, "म्हावरं नासलं तर उद्या दुसरं मिळंल." होडीवाल्याने त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण बोल्ट दिला.

आता मापं. कुठला तुकडा कुठल्या तारेत, किती अंतरावर, हे कागदावर कधीच नव्हतं. ते काकांच्या बोटांत होतं. बाईने पियानोच्या पोटाचं पूर्ण मापाचं चित्र आणलं होतं, तीच ती गुंडाळी. ती मावेल एवढी जमीन फक्त समाजमंदिरात. आणि तिथे पाच वाजता, बेल्जमहून पाहुणी आली म्हणून, सरपंचांनी 'जागतिक कीर्तीचे संबळवादक' यांचा सत्कार ठेवला होता.

मी काकांना हळूच म्हणालो, "फोटो बघितला मी."

"मग?"

"गावाला काय सांगायचं?"

"आधी हे सत्तावीस लागू देत," ते म्हणाले.

गाव जमलं तेव्हा दोघं म्हातारी जमिनीवर पसरलेल्या कागदावर चार पायांवर रांगत होती. काका एक बोल्ट ठेवत, नखाएवढा सरकवत, आणि तोंडाने आवाज काढत, "ठुंग." बाई डोकं हलवून म्हणे, "ठ्ंऽग." "न्हाय, न्हाय. ठुंग." मग तिचं बरोबर आलं की ती पेन्सिलीने खूण करी. रबराचा "दब्", स्क्रूचा "टिन्". सरपंच शाल, नारळ घेऊन दारात उभे. काका मान वर न करता म्हणाले, "बसा. अजून आठ हायत." सरपंच बसले. सगळं गाव बसलं. शेवटच्या चार तुकड्यांना तर मागच्या रांगेतली माणसंही पुटपुटत होती, "ठुंग की ठंग?"

मग सत्कार. सरपंचांनी पंधरा मिनिटं संबळाचा इतिहास सांगितला, जो त्यांना येत नव्हता. काकांच्या हातात माईक दिला. काकांच्या गुडघ्यांना पेन्सिलीचा काळा रंग लागलेला.

"मी संबळ वाजवत न्हाय," ते म्हणाले. "कधीच वाजवला न्हाय. मी तिथं खुर्च्या लावायचो. बोल्ट लावायचो. आणि ही पेटी मी चोरून आणली."

मग आक्का पहिल्या रांगेतून म्हणाली, "खुर्च्या लावाया येवढ्या लांब गेलास? बोर्लीचा मंडपवाला काय मेला होता?"

लोक हसले. काकाही हसले. बाईने मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती म्हणाली, "पेटीचं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माझी छत्री पण यानेच नेली का, तेवढं विचार." मी विचारलं. आक्काने खुर्चीला अडकवलेली लाकडी मुठीची काळी छत्री हळूच पदराआड सरकवली.

सरपंच जरा गोंधळले होते. शेवटी म्हणाले, "शाल आणलेलीच आहे, तर..." आणि ती काकांच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. कशासाठी, ते कुणालाच नीट ठाऊक नसावं. मी मात्र खूप जोरात वाजवल्या.

बाईने त्यांना कार्यक्रमाला यायचा आग्रह केला. काकांनी गुडघे, आक्का, व्हिसा अशी कारणं सांगितली. ती पेटी आणि गुंडाळी घेऊन बोटीत बसली. बोट लांब गेल्यावर जेट्टीवर ते मला म्हणाले, "गेलो असतो तर त्यांनी पहिल्या रांगेत खुर्ची दिली असती. मग मला बसावं लागलं असतं."

कार्यक्रम तिथल्या रविवारच्या सकाळी होता, म्हणजे आमच्या दुपारी. पप्याने आपला मोबाइल आक्काच्या ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. गिरणी दिसली, विटांची, उंच खिडक्यांची. बाई काळ्या पियानोशी बसली. आम्ही खाली बसलो, काका भिंतीशी उभे. पहिला आवाज आला आणि मला वाटलं, हे तर मी समाजमंदिरात ऐकलंय, तोंडाने. मग ते पुढे गेलं. त्यात घंटा होत्या, पाणी होतं, दूर कुणीतरी भांडी विसळत होतं. आबा जागे राहिले. काकांचे ओठ हलत होते. एके ठिकाणी ते थांबले, कपाळाला आठी पडली, आणि शेवटपर्यंत ती गेली नाही.

संपलं, तिथे टाळ्या सुरू झाल्या, आणि काकांनी डब्याला टेकवलेला मोबाइल हिसकावून बाईला फोन लावला. ती उचलेपर्यंत तीनदा. मग ते फ्लेमिशमध्ये, म्हणजे फ्लांडर्सच्या भाषेत, ओरडायला लागले. मधे मधे मराठी शिव्या येत होत्या, त्यावरून मला विषय कळला: चौदावा बोल्ट उलटा लावला होता. टोक वर, डोकं खाली. पलीकडून बाई आधी ओरडली, मग हसली, मग पुन्हा ओरडली, आणि पुढे दोघं एकाच वेळी बोलू लागली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. काका अंगणात येरझाऱ्या घालत होते, हात हवेत उडवत होते, वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळीत शिरून बाहेर येत होते.

मी घाबरून म्हणालो, "आक्का, थांबव की त्यांना. चांगलं झालं ना सगळं, एवढं कशाला भांडायचं?"

आक्का पाटावर बसून सुकट निवडत होती. तिने मान वर करून भावाकडे एकदा बघितलं.

"भांडू दे," ती म्हणाली. "आल्यापासनं बिचाऱ्याला भांडाया बरोबरीचं माणूस भेटलं नव्हतं."

आणि तिने त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.